दहापैकी सात

डॉक्टरांच्या कोटाचं तिसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं, बाकीची चार पांढऱ्या दोऱ्याने. आणि गोतिएला वाटलं, हे बटण जुलैतही असंच असणार, पण तेव्हा ते बघायची वेळ आली नव्हती. तेव्हा आपण खिडकीबाहेर बघत बसलो होतो. आज मात्र नजर कुठेतरी ठोकून ठेवायला हवी होती, म्हणजे शब्द निसटणार नाहीत — चमचा, घोडा, पडदा... डॉक्टर सालनाव सेकंदाला एक याप्रमाणे शब्द वाचत होते, बाजाराची यादी वाचावी तशा सपाट आवाजात, आणि येईल तो शब्द गोतिए त्या निळ्या दोऱ्यापाशी नेऊन बसवत होता. दहा शब्द. तीनदा वाचायचे. मग दहा मिनिटं इकडचं तिकडचं करायचं, आकडे उलटे म्हणायचे, डिसेंबरपासून मागे जानेवारीपर्यंत यायचं, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, आणि सगळं झालं की डॉक्टर विचारणार — हं, ते मघाचे शब्द?

एवढंच. चौतीस वर्षांचा, एकशे आठ किलोचा माणूस, रग्बीच्या स्क्रममध्ये मधोमध डोकं घालून फ्रान्ससाठी एकोणपन्नास सामने खेळलेला, आणि या पोरखेळापुढे त्याच्या तळहातांना घाम सुटला होता. कारण बारा वर्षांत ही परीक्षा तो पहिल्यांदाच खरी देत होता.

जुलैत, हंगाम उघडायच्या आधी, सगळ्यांचीच ही परीक्षा होते. ते गुण कागदावर राहतात. पुढे हिवाळ्यात कुणाच्या डोक्याला मार बसला की परीक्षा पुन्हा घ्यायची आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे. गुण घसरले असतील तर घरी बसायचं, किती आठवडे ते डॉक्टर सांगणार. यातली मेख त्याला पहिल्याच वर्षी क्लबचा तेव्हाचा कप्तान दार्रिको यानं सांगितली होती, न्हाणीघरात, मानेला साबण लावता लावता — “जुलैत गाढव व्हायचं, गड्या. म्हणजे नोव्हेंबरात कुणी गाढव म्हणत नाही.” सगळे हसले होते. सगळ्यांनाच ठाऊक होतं, कुणाला त्यात लाजही वाटत नव्हती. आणि गोतिए तर या कामात पुढे तरबेज झाला — चौथा, आठवा आणि नववा शब्द गाळायचा, गाळण्याआधी डोकं खाजवायचं, भुवया वर न्यायच्या, “थांबा, थांबा, ओठावर आहे” असं म्हणायचं. बारा वर्षांचे बारा जुलै, दरवर्षी सात. घरी येऊन तो मायलिसला तो अभिनय करूनही दाखवायचा आणि ती पोट धरून हसायची.

म्हणजे आजच्या कागदासाठी सात पुरेसे होते. पण मला दहा हवे होते. कागदासाठी नव्हे, माझे मला.

कारण शनिवार. शनिवारी एकतिसाव्या मिनिटाला कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला, तो उठला, पळाला, कुणाला काही दिसलं नाही, त्यालाही काही वाटलं नाही. आणि मग पाच-सात मिनिटांनी रेषेबाहेरून चेंडू आत फेकायची पाळी आली. ते काम हूकरचं, म्हणजे त्याचं. दोन्ही संघ ओळीने उभे, आपल्यातला एक खूण ओरडतो आणि ती ऐकून चेंडू ओळीत नेमका कुठे टाकायचा ते हूकरला कळतं. खुणा त्यानेच ठरवलेल्या, तीन वर्षांपूर्वी, सगळी आपल्या भागातल्या नद्यांची नावं. “आडूर!” — लुसियाँ ओरडला, आणि गोतिएने ऐकलं, स्वच्छ ऐकलं, आणि ती नदी होती. नुसती नदी. लहानपणी जिच्यात गळ टाकून बसायचो ती, काठचे पॉपलर, पापांची सायकल... तिचा चेंडूशी काय संबंध ते काही केल्या आठवेना. पंच शिट्टी तोंडात धरून उभा. शेवटी त्याने चेंडू समोर जो उभा होता त्याच्याकडे टाकला, मध्ये पलीकडच्यांनी झडप घातली आणि सरळ जाऊन गुण केले. “वारा होता,” प्रशिक्षक सामन्यानंतर म्हणाले. “हो, वारा होता,” गोतिए म्हणाला. रविवारी चित्रफितीत कुणीतरी तो गुडघा पाहिला, आणि म्हणून ही सोमवार सकाळ, हे बटण.

दहा आले तर तो वारा होता.

“हं,” डॉक्टर म्हणाले, “ते मघाचे शब्द?”

चमचा, घोडा, पडदा. घंटा, वाळू... खुर्ची. हे सगळे बटणापाशी नीट बसलेले होते, एकेकाला हात धरून उठवायचं एवढंच काम होतं. पूल. आणि मग तिथे निळा दोरा होता. आपण डोकं खाजवतोय हे गोतिएच्या लक्षात आलं, भुवयाही वर गेल्या होत्या, आणि तोंडातून निघालं, “थांबा, थांबा, ओठावर आहे” — बारा वर्षांच्या सवयीने निघालं, आणि ओठावर काही नव्हतं.

“पुरे,” डॉक्टर म्हणाले. “सात! जुलैत किती? सातच. आकडे तेवढेच, महिन्यांत तीच एक चूक, सप्टेंबर-ऑगस्टची. बाराही वर्षं तंतोतंत. दगड आहेस, पोरा, तुझ्या डोक्याला घण लागला तरी घणच फुटेल.” आणि त्यांनी सही केली. सही करताना ते खूश होते. येत्या शनिवारी पॅरिसमध्ये गोतिएचा फ्रान्ससाठी पन्नासावा सामना होता आणि गावातल्या कुणालाही तो हुकायला नको होता, डॉक्टरांना तर मुळीच नाही.

“डॉक्टर, ते राहिलेले तीन कोणते?”

“वा! सांगतो. म्हणजे पुढच्या वेळी पाठ करून येशील, चोरा.” त्यांनी कागद घडी करून खणात टाकला.

“डॉक्टर, आज मी...”

“काय?”

आज मी गाढव झालो नव्हतो. हे एक वाक्य. पण त्याच्या मागे बारा जुलै ओढले जाणार, दार्रिको ओढला जाणार, न्हाणीघरात हसलेली सगळी तोंडं, जी अजून खेळतायत तीही. आणि डॉक्टर, ज्यांनी भाबडेपणाने बारा कागदांवर सह्या केल्या. आणि पन्नास. एकोणपन्नास हा कसला आकडा आहे... एकोणपन्नासला कुणी बस करून जात नाही.

“काही नाही,” तो म्हणाला. “बटण छान शिवलंय.”

“बायकोने. तिला दिसत नाही हल्ली,” डॉक्टर म्हणाले.

गाडी मागे घेताना मान वळत नव्हती; ती गेली चार वर्षं वळत नाही, आरशात बघूनच गाडी काढावी लागते. मैदानाबाहेर मक्याची कापलेली शेतं, त्यांवर धुकं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. कबुतरांच्या शिकारीचा हंगाम होता, निम्मं गाव पहाटेपासून झाडांवरच्या मचाणांत बसलेलं. गोतिएला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. सामन्यानंतरचं थकणं तो ओळखतो, त्यात एक गोडी असते, आंघोळ, सूप आणि झोप असते. हे तसलं नव्हतं. यात झोपावंसंही वाटत नव्हतं. नुसतं कुणीतरी आपल्याला गाडीतून उतरवून घ्यावं असं वाटत होतं, लहान मुलाला घेतात तसं. चमचा, घोडा, पडदा. गाडी घराशी लागली तरी सातच होते.

मायलिस कालचं कोबी-शेंगांचं सूप पुन्हा उकळत होती आणि दुसऱ्या हाताने फोनवर यादी तपासत होती.

“काय म्हणाले?”

“पास.”

“मग तोंड असं का? नापास झाल्यासारखं.”

“थकलोय.”

“ते तू लग्नाच्या दिवशीपण म्हणाला होतास.” तिने सुपात डाव फिरवला. “ऐक, बस भरली. त्रेपन्न. तुझे पापा अगदी पुढे, मागे बसलं की त्यांना मळमळतं. जिनेत शनिवार-रविवार कॅफे बंद ठेवतेय. पाद्रीबुवासुद्धा येतायत, रविवारची प्रार्थना कुणाच्या गळ्यात मारलीय देव जाणे. त्यांनी भोंगा घेतलाय, गोतिए. पाद्रीने भोंगा!”

तो हसला. त्रेपन्न माणसं. आणि त्यांच्यातल्या एकानेही आजवर त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, फक्त यायचं होतं, भोंगा वाजवायचा होता. तो म्हणाला, “पापांना स्टेडियममध्ये खालच्या रांगेत बसवा. गुडघा दुखतो त्यांचा, पायऱ्या नकोत.”

मायलिसने डाव बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

“सकाळी सांगितलंस की.”

“हो का?”

“दोनदा.” मग तिने पुन्हा यादीत मान घातली, जरा जास्तच खाली, असं त्याला वाटलं. की ते त्याला आताच वाटायला लागलं होतं? एकदा हे सुरू झालं की सगळेच संशयित होतात, बायको, सूप, स्वतःचं वाक्य. दोनदा सांगितलं तर काय बिघडलं, काळजी असली की माणूस दोनदा सांगतो. तिला सांगावं. जुलैचा अभिनय तिला ठाऊकच आहे, आज तो केला नाही एवढंच सांगायचं... पण मग ती हसणार नाही, आणि तिचं ते न हसणं बघायची ताकद आज माझ्यात नाही.

सूप पिऊन झाल्यावर त्याने वीजबिलाच्या पाकिटामागे सात शब्द लिहिले आणि खाली तीन रेघा मारल्या. रेघांकडे बराच वेळ पाहिलं. मग पाकीट खिशात घालून पत्ते खेळायला गेला.

सोमवारी जिनेतचं कॅफे बंद असतं, म्हणजे गावासाठी बंद. कारण त्या एका दिवशी जिनेतला स्वतःला खेळायचं असतं. शटर अर्धं खाली, खुर्च्या टेबलांवर उलट्या, आणि खिडकीजवळच्या एकाच टेबलाभोवती चौघं — जिनेत आणि तिचा भिडू मार्सियाल, जो तीस वर्षं गावात पोस्टमन होता. समोरासमोर पापा आणि गोतिए. तो सोळा वर्षांचा होता तेव्हापासून ही जोडी अशीच. तो परदेशी दौऱ्यावर असला तर पापा दुसरा भिडू घेत नाहीत, नुसते बसून बघतात आणि दोन्ही बाजूंना शिव्या देतात.

“आले, फ्रान्स आलं,” मार्सियाल म्हणाला. “उठून उभे राहा रे, राष्ट्रगीत म्हणा.”

“डोकं कसंय?” पापांनी विचारलं. त्याच्याकडे न बघता, पत्ते पिसत. लाकडाच्या गिरणीत उजव्या हाताची दोन बोटं गेली तरी ते तिघाचौघांपेक्षा भराभर पिसतात.

“पास.”

“हं,” पापा म्हणाले आणि पत्ते वाटले.

जिनेतने मध्ये कापलेला नासपतीचा केक ठेवला होता. गोतिएने तुकडा तोंडात घातला आणि थांबला. नासपती. होता की काय यादीत? चौथा... पडदा, नासपती, घंटा? बसत होता, छान बसत होता. पण केक समोर आहे म्हणून बसत होता का? टोमॅटो असता तर टोमॅटोही असाच बसला असता. त्याने पाकीट काढलं नाही. हातातले पत्ते लावले.

“पत्ते धरलेस की अंडी? टाक की,” जिनेत म्हणाली.

त्याने टाकला. खेळ सरकू लागला, आणि नेहमीसारखी पापांची बडबडही. “गेला गुलाम. गुलामाला ओवाळून टाकलात, आता रडा. नव्वीही गेली, दोन्ही गेले, राहिलं काय तुमच्याकडे हुकमाचं, एक्का आणि जिनेतचं नशीब —”

“फिर्माँ, तोंड!” जिनेत पापांसमोर टेबलावर टिचकी मारत म्हणाली. “किती वेळा सांगायचं, पडलेले पत्ते बोलायचे नाहीत.”

“माझं तोंड, माझे दात.”

“दात तरी कुठे तुझे?” मार्सियाल म्हणाला. “वीस वर्षं हा माणूस तोंड शिवून खेळला. मी पत्र दिलं तर थँक्यूसुद्धा म्हणायचा नाही. आणि म्हातारपणी बघ, रेडिओ झालाय.”

सगळे हसले. गोतिएही हसला आणि हसता हसता त्याला आठवलं — हे मात्र लखलखीत आठवलं — सोळाव्या वर्षी, याच टेबलावर, “एक्का अजून बाहेर आहे” असं तो बोलून गेला होता आणि पापांनी टेबलाखालून नडगीवर लाथ घातली होती. घरी जाईपर्यंत बोलले नव्हते. मग अंगणात म्हणाले होते, पुन्हा तोंड उघडलंस तर दुसरा बाप शोध. पत्ते हाताने खेळायचे.

आणि हाच माणूस आता पत्ता पडला की मोठ्याने सांगतो. कधीपासून? मार्सियालच्या कुरापतींमुळे, जिनेतला चिडवायला, एकटेपणामुळे, आई गेल्यापासून... नाही, आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा पापा आणखीच गप्प झाले होते. मग कधी? गोतिए हातातल्या पत्त्यांकडे बघत मागे मागे जात राहिला, डिसेंबरकडून जानेवारीकडे जावं तसा, आणि गेल्या हिवाळ्यात येऊन अडखळला. बर्फ पडलं होतं, शटर पूर्ण खाली होतं, शेगडी पेटलेली. त्या दिवशी त्याने पापांचाच एक्का हुकमाने मारला होता. भिडूचा एक्का! हात आपलाच होता, जिंकलेला होता, आणि त्याने त्यावर हुकूम घातला. जिनेत तर किंचाळली होती. पापा काहीच बोलले नव्हते, लाथही नाही. नुसतं त्याच्याकडे बघत राहिले होते, बराच वेळ. पुढच्या सोमवारपासून रेडिओ सुरू झाला.

त्याने मान वर केली. “चौकटचा दस्सा गेला, गेला बिचारा,” पापा म्हणत होते, मार्सियालला उद्देशून म्हणत होते. पण बघत होते ते गोतिएच्या हातांकडे.

गेल्या हिवाळ्यापासून. म्हणजे जुलैच्या आधीपासून... आणि मग जुलै त्याच्यासमोर उभा राहिला. खिडकीबाहेर गवत कापायचं यंत्र चाललं होतं, डॉक्टरांनी विचारलं, ते मघाचे शब्द, आणि त्याने सात सांगून डोकं खाजवलं होतं. चौथा, आठवा, नववा गाळला होता. गाळला होता ना? गाळायला शब्द आधी हातात असायला हवा. तो हातात होता का? ते तीन शब्द दाराआड लपवलेल्या माणसांसारखे उभे होते आणि मी दार लावून घेतलं होतं — की दाराआड कुणी नव्हतंच, आणि मी नुसतंच दार लावत होतो, सवयीने, अभिनय छान जमला म्हणून खूश होत? आणि त्याआधीचा जुलै? ते कुठल्या कागदावर कळणार? सगळे कागद सात म्हणतायत. मीच तसं करून ठेवलंय.

“तुझी उतारी, महाराज,” मार्सियाल म्हणाला.

नवा डाव वाटून झालेला होता, त्याला कळलंही नव्हतं. हुकूम किलवर. पत्ते बरे होते, किलवरची नव्वीसुद्धा, या खेळात हुकमाच्या गुलामाखालोखाल मोठी. त्याने पहिला पत्ता टाकायच्या आधी म्हटलं, “पापा, हा डाव बोलू नका.”

“ऐका!” जिनेत म्हणाली. “पोरगाच कंटाळला.”

पापांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते खेळले, पूर्वी खेळायचे तसे, एक शब्द न काढता. फक्त जबडा हलत होता, काहीतरी चावत असल्यासारखा. टेबलावर पत्त्यांचा आवाज तेवढा राहिला. गोतिएने पडणारा प्रत्येक पत्ता पाहिला. नजर लावून पाहिला, निळ्या दोऱ्यासारखं काही सापडेना तेव्हा पापांच्या तुटक्या बोटांच्या थोटकांवर नेऊन बसवला. राणी. सत्ती. एक्का, तो मार्सियालने घेतला. बदामाचा राजा... लुसियाँ ओरडला होता, आडूर... दस्सा. मायलिसने मान जास्त खाली घातली होती. पाद्रीने भोंगा घेतला आहे.

सहा हात झाले. त्याच्याकडे दोन पत्ते उरले — किलवरची नव्वी आणि बदामाची सत्ती — आणि उतारी त्याचीच होती. हुकमाचा गुलाम पडून गेला असेल तर नव्वीच्या वर कुणी नाही, डाव आपला. पडला नसेल तर सगळं गेलं. साधी गोष्ट. दहा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते, गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, गुलाम पडला की नाही. तो पडलेला त्याने पाहिला होता. किंवा तो मागच्या डावातला होता, पापांनी ओवाळून टाकलेला. दोन्ही गुलाम सारखेच दिसत होते, आणि दोन्हींचं तोंड त्याच्याकडेच होतं.

पापांनी आता त्याच्या हातांकडे बघणं सोडलं होतं. ते खिडकीबाहेर बघत होते, मुद्दाम, जिथे अर्ध्या शटरखालून रस्त्याची एक पट्टी तेवढी दिसत होती. त्यांचे डोळे ओले होते. वय झालं की होतातच ओले, पण गोतिएला ते सहन झालं नाही. एक वर्ष. एक वर्ष या माणसाने स्वतःचं हसं करून घेतलं, टिचक्या खाल्ल्या, रेडिओ झाला, आणि दर सोमवारी मला जिंकवून घरी पाठवलं.

कुठलाही एक टाकायचा. पन्नास टक्के. चुकलं तर वारा होता.

“पापा,” तो म्हणाला, आणि आपला आवाज त्याला अगदी साधा वाटला, सकाळपासून प्रथमच, “गुलाम गेला का?”

टिचकी मारायला उचललेलं जिनेतचं बोट तिथेच राहिलं. पापांनी खिडकीवरून नजर काढून हातातले दोन पत्ते टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांवर तो तीन बोटांचा हात ठेवला. गोतिएला भीती वाटत होती. उद्या सकाळच्या पॅरिसच्या गाडीचं काय, त्रेपन्न माणसांचं काय, ते त्याला कळत नव्हतं. पण विचारून झालं होतं, आणि तो उत्तराची वाट बघत होता, दोन्ही पत्ते हातात तसेच धरून.